माळ्यावरचं घुबड

—आवं थांबा थांबा, शिडीवर पाय ठिवू नका! शिडी मजबूत हाय, तसं काय न्हाई, पण आधी चहा घ्या की. नको? कावून नको? दूध घरचंच हाय, चंद्रीचं—ती बगा लिंबाखाली, कान हलवती ती. मुकादमानं तुमाला, पाखरांच्या जाणत्याला, सिरसाळ्याहून एवढ्या लांब बोलावलं आन् मी कोरड्या तोंडानं माळ्यावर चढवू व्हय? लोक काय म्हणतील, साखराबाईच्या घरी माणूस आला आन् तसाच वर गेला—वर म्हंजे माळ्यावर, न्हाईतर तुमी भलतंच समजाल! बसा त्या पोत्यावर. मालक न्हाईत घरी. सकाळीच मांजरसुंब्याला गेलेत, टोळीचा ट्रक कवा येतो ते बगायला. मीच सांगते सगळं.

तर घुबडच हाय. मुकादमाला बिनधास्त सांगा, साखराबाईच्या माळ्यावर घुबड हाय. काय? पाकोळ्या? आवं पाकोळ्या, ती बारकी वटवाघळं, तर हायतच, मी कवा न्हाई म्हणले? दिवस मावळला की पत्र्याच्या फटीतून भुर्र भुर्र निघत्यात. तुमी आत्ता दारापाशी वाकून बगत हुता ना, त्या त्यांच्याच लेंड्या—उंदराच्यावानी दिसत्यात, पण बोटात चुरल्या की भुगा हुतो, किड्यांची पंखं चमकत्यात त्यात. बरोबर वळखलं तुमी. पण पाकोळ्यांचं काय एवढं? सगळ्या बाहीर पडल्या की फटीत पोतं कोंबायचं, इषय संपला. त्यांच्यापायी कुणी ऊसतोडीला जायचं ऱ्हातं व्हय? घुबडाचं तसं न्हाई दादा. माझी सासू म्हणायची, माळ्यावर घुबड पिलं घिऊन बसलं आसंल तर दाराला कुलूप घालू नये, घातलं की घर कायमचं बंद पडतं. आन् आमी तर सहा म्हैने कुलूप घालून जाणार! आमचा धर्मराज मुकादम, मिशा एवढ्या मोठ्या, पण घुबडाचं नाव काढलं की पाणी मागतो. असल्या घरचा कोयता तो टोळीतच घेत न्हाई. कोयता म्हंजे नवरा-बायको, दोघं मिळून एक कोयता, तुमच्याकडं बी तसंच म्हणत्यात ना? हां. तर त्याला डाव वाटतोय आमचा, म्हणून तुमाला धाडलं, खरं-खोटं करायला.

पुरावा? हाय की पुरावा. ही बगा भिताडावर पांढरी शिट, वरून खाली कशी वघळलीय—आवं, बोट कशाला लावता? हुंगता कशाला? चुना? चुना कसा आसंल? घुबडाचं खाणंच तसलं... बरं, आसू द्या, भिताड सोडा. आवाज ऐका, आवाज काढतं ते, तिन्हीसांजेला, खापराच्या तव्यावर पाणी वतल्यावानी—ख्श्श्श्श—आसं! मंग पिलं बी—ख्श् ख्श्—बारीक. काय म्हणता? हुबेहूब? ऐकून ऐकून आला वो मला. आता फुकणीकडं काय बगताय? चुलीची फुकणी हाय ती, सगळ्यांच्या घरी आसती. तिला भोक हाय म्हंजे तिच्यातनं घुबड निघतं व्हय?

हसू नका. तुमी हसला की मला बी हसू येतंय... आता मला थांबवंना बगा... आवं व्हय, व्हय, मीच! चुलीपाशी बसायचं, फुकणी माळ्याच्या भोकाला लावायची आन् ख्श्श्श! आन् चुना बी माझाच, डेअरीच्या भिंतीला लावून उरला हुता. पहिल्या दिवशी मालक ओट्यावर बसलेले, आसे दचकले, हातातली बिडीच पडली! मला वाटलं आता शिडी लावून वर चढत्यात, मंग माझं काय खरं न्हाई. पण न्हाई चढले! उलट दुसऱ्या दिवशी सोताच पळत गेले मुकादमाकडं, आमच्यात घुबड निघालंय म्हणून. एवढा डोंगरात मेंढरं राखलेला गडी, पर बिलकुल चढला न्हाई.

आता तुमी म्हणाल, बाई, कावून केलं हे? सांगते. लगीन झाल्यापासून ह्या घरात म्या दिवाळी बगितली न्हाई. एकदा बी न्हाई. दसरा झाला की फडावर ऱ्हायच्या कोप्या, पाचट, पहाटंचा ऊस, आन् आमचं दार इकडं अंधारात. दरसाल जातो तसं ह्या साली बी गेलो आसतो, पाऊस तर बगताच तुमी, टँकर आला तरच घागर भरती. पण औंदा बायकांची दूध संस्था निघाली ना! सरस्वतीबाई चेअरमन, मी बी सभासद. सही शिकले मी त्यापायी. दूध घालणारणीला संस्था कडबा देती, आसल्या दुष्काळात कडबा! चंद्री त्या कडब्यावर जगतीय. आमी गेलो की दूध बंद, कडबा बंद, चंद्री बाजारात. मुकादमाची आगाऊ उचल अजून घेतली न्हाई, नुसता शब्द दिलाय मालकानं. आन् शब्द म्हंजे त्यांची इज्जत. बायकूला कडबा मिळतोय म्हणून घरी बसलो, आसं चार माणसांत म्हणायची लाज वाटती त्यांना. घुबडाची लाज न्हाई वाटत, घुबड काय कुणाच्या हातचं हाय का?

दुसरी एक गंमत सांगते. परवा मी डेअरीवर गेलते, तिकडंच उशीर झाला. घरी येते तर शेजारची वत्सलाबाई म्हणती, साखरे, आज घुबड लई बोललं गं! म्या मनात म्हणले, घ्या, आता लोकांना भास व्हायला लागले, माझी फुकणी तर चुलीपाशी पडलेली! आन् मालकाचं बी बगा, दरसाल एव्हाना कोयत्याला धार लावून तयार आसतात, औंदा कोयता कोनाड्यातच गंजतोय. भ्यालेत बिचारे. पाचटाच्या धुळीनं हैराण बी हुतात, एकदा शिंका सुरू झाल्या की थांबत न्हाईत, आक्की टोळी हसती.

म्हणून दादा, हात जोडते. तुमी खोटं बोलायचं न्हाई, नुसतं वर चढायचं न्हाई. घुबड हाय आसं बाईनं सांगितलं, एवढंच म्हणा. टोळी उद्या निघंल, मंग—

आं? ऐकला का तुमी?

ख्श्श्श झालं. वर. ... म्या न्हाई काढला वो, माझे दोन्ही हात तुमच्याम्होरं जोडलेले! फुकणी तिथं पडलीय, बगा. म्हंजे खरंच... अगं आई, म्हंजे माझ्या तोंडानं खरंच घुबड आणलं म्या घरात? बॅटरी लावा, बॅटरी—न्हाई, नका लावू—ऐका, ऐका, परत—

शिंकलं?

घुबड शिंकतं व्हय? ... परत शिंकलं. परत. थांबतच न्हाई...

मालक मांजरसुंब्याला गेले म्हणले ना मी तुमाला? मला बी तसंच सांगून गेलते.

ठिवा ती बॅटरी पिशवीत. शिडी ऱ्हाऊ द्या, मी बगते. मुकादमाला सांगा, एक न्हाई, दोन घुबडं हायत, आन् औंदा हितनं हलत न्हाईत. जावा आता तुमी. दार लोटून घ्या.