वाघिणीची ओळख

चहा घे, मंग सांगतो. पोरीले चंद्रपूरच्या मोठ्या इंग्लिश शाळेत टाकाचं म्हणून गेलो होतो मी. पोरगी संगं, डोक्याले दोन येण्या, लाल रिबिनी. तिथल्या साहेबानं पह्यलेच विचारलं, "कोणाची ओळख?"

मी म्हणलं, "सर, तुमचीच! मोहर्लीच्या जंगलात तुमच्या सफारीची जिप्सी मीच चालवली. वाघीण दाखवली होती."

साहेब खुर्चीतून उठलेच. "अरे, तूच का तो!" चहा मागवला, मोबाईलमधले फोटो दाखवले. वाघिणीची पिल्लं कशी आहेत, केवढी झाली, सारं विचारलं. माह्या पोरीचं नाव विचाराचं तेवढं राह्यलं. तरी मले वाटलं, झालं आपलं काम.

तेवढ्यात फोन आला. "बोला ठेकेदारसाहेब! हो हो, मुलाला उद्या घेऊन या, होऊन जाईल." फोन ठेवून मले म्हणे, "जागा तर भरल्या रे. पण पुढच्या खेपेला तुझीच जिप्सी!"

वापस येतांनी पोरगी बसच्या खिडकीतून शाळेकडे मान वळवून पाहून राह्यली होती. शाळा दिसेनाशी झाली तवा म्हणे, "बाबा, आपली ओळख निघाली ना? मंग माही शाळा कधीपासून?"