तो मळ नव्हता

नाही हो दादा, हा प्रोब पडला नाही, आपटला नाही, गाडीच्या चाकाखालीही आला नाही — किती वेळा तेच विचारताय. वायर ठीक आहे, सेल नवे घातलेत, तापमान अगदी बरोबर दाखवतोय. बिघडलीय ती वाहकता — पाण्यातलं मीठ ओळखायचं तेच तर माप. हे बघा, तुमच्यासमोर बुडवते. या तपासणीच्या पाण्याच्या बाटलीवर काय छापलंय? बारा पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. आणि हा प्रोब काय म्हणतोय? नऊ. मख्ख चेहऱ्यानं नऊ! म्हणजे पाणी जितकं खारं, तितका हा कमी सांगणार. आणि उद्या पहाटे मोठी भरती आहे, दादा. समुद्राचं पाणी नदीत वर चढतं, थेट आमच्या पंपाच्या तोंडापर्यंत — आकडा वाढला की मी पंप बंद करायला लावायचा, एवढीच माझी नोकरी. हा असा खोटं बोलत राहिला तर सगळ्यांच्या नळाला मिठाचं पाणी. पंपावरचे मुकादम तर टपलेलेच आहेत. 'मॅडम, तुमच्या काडीपेक्षा माझी जीभ बरी.' मागच्या भरतीला त्यांच्या जिभेनंच पाणी पास केलं होतं — दोन दिवस लोकांनी खारट चहा प्यायला.

काय? टोकाच्या आतल्या पट्ट्या? ... हो, दिसतायत मला. चकचकीत आहेत. काळ्या असायला हव्यात, तेही माहितेय — त्या काळ्या थरावरच सगळं चालतं, त्याला बोटसुद्धा लावायचं नाही, नुसतं शुद्ध पाण्यानं विसळायचं — हे मला तुम्ही नका शिकवू. घासल्या कुणी? ... घरी. भांड्यांच्या पावडरनं. आणि जुन्या टूथब्रशनं. — हसू नका हो!

घरी नेला कशाला म्हणजे? भरती पहाटे येते, ऑफिस दहाला उघडतं. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवला होता, डब्यात घालून. पण त्या घरात ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी राहील तर शपथ. लग्नाला तीन महिने झाले — एवढ्यात माझं कपाट दोनदा लावून झालंय, मी एकदाही लावलेलं नाही. मला कुठला रंग खुलतो, मी केस कसे बांधावेत, सगळ्यावर सगळ्यांची मतं आहेत, माझं सोडून. परवा माझी चप्पल गेली. 'अगं, झिजली होती.' झिजली होती, पण माझी होती ना? विचारायचं तरी! नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, 'जाऊ दे ना, चांगल्या मनानंच केलं.' तीच तर पंचाईत आहे — त्या घरात वाईट मनानं कुणी काही करतच नाही. भांडायचं तरी कुणाशी?

नाही, ओरडले नाही. मी घरात फारशी बोलत नाही. 'आमची सून अगदी गरीब' असं आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात. मग काय म्हणाले? ... 'छान झालंय, आई,' म्हणाले. बघा, परत हसलात. अहो, सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, प्रोब मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि मला विचारत होत्या — हे पाण्यात बुडवलं की काय सांगतं गं? मीठसुद्धा कळतं? न चाखता? — माझ्या कामाबद्दल त्या घरात कुणी विचारलेला पहिला प्रश्न! नवऱ्याला तर अजून वाटतं, मी पाण्याची बिलं वाटते. मी बोलत सुटले. मी! नदी, भरती, मुकादमांची जीभ — त्या ठसका लागेपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, 'एवढं जोखमीचं काम तुझं, आणि हत्यार असं काजळलेलं? आता दर रविवारी मी लख्ख करून देत जाईन.' दर रविवारी, दादा! तुम्ही नवा थर चढवून द्याल आणि रविवारी त्या पदर खोचून बसतील. आणि त्यांना खरं सांगून टाकावं, तर — परत कोण विचारायला येणारेय मला काही?

तुम्हीच सांगा ना त्यांना. माझ्याबरोबरच आल्यात, शेजारच्या दुकानात बटणं घ्यायला गेल्यात, येतीलच. कंपनीचा नियम आहे म्हणा, हात लावला तर शॉक बसतो म्हणा, काहीही म्हणा — तुमचं ऐकतील. माझंही ऐकतील म्हणा. ऐकतील, 'बरं' म्हणतील, आणि त्यानंतर माझ्या एकाही वस्तूला हात लावणार नाहीत. मला तेच हवंय ना? ... हो. म्हणजे — नाही. तसं नाही. तुम्ही ते राहू द्या, आधी मला एक बदली प्रोब द्या, उद्याची पहाट निभावू दे...

या, आई. मिळाली बटणं? ... हो, बिघडलाय. ... नाही, कशानं ते कळलंय. या दादांना आत्ता कळलं, मला कालपासून माहितेय. बसा ना, ते स्टूल घ्या. — दादा, तुम्ही आत जाऊन तो बदली प्रोब शोधा. सावकाश शोधा. आम्हा दोघींना जरा बोलायचंय.