पाचारणाचा रकाना

आमचं गाव ढोकीवरनं कळंबला जाताना मधी एक फाटा लागतो तिथनं आत, दोन किलोमीटर, पण नाव नका लिहू सर, कारण पुढं जे सांगणार हाय ते गावात बापाबिगर अजून कुणालाच ठाव न्हाय. घरी चार एकर रान, एक बोअर, दोन म्हशी, आन् आप्पा म्हणजे माझा बाप तुळजाभवानीचा लई भक्त, मंगळवार कडक धरणार, नवरात्रात पायी तुळजापूरला जाणार. मी दत्तजयंतीला झालो म्हणून नाव दत्ता. माझ्या पाठची दोन लेकरं गेली, लागोपाठ, आन् दुसरं गेल्यावर आईनं बोलणंच सोडलं, वरीसभर घरात एक शब्द न्हाय, नुसती भाकरी थापायची आन् बसायची. मग शेजारची सोनामावशी तिला हाताला धरून गुरवारच्या प्रार्थनेला घेऊन गेली, तिथं आई रडली आन् रडता रडता बोलायला लागली. भावकी म्हणली, हे काय नवीन? आप्पा म्हणले, बोलायला लागली ना, मग जाऊ द्या. तवापासनं आमच्या घरात एका भितीला भवानी आन् समोरच्या भितीला आईचा क्रूस, आन् मधी मी. आप्पांची एकच अट, त्यांना कुणी चल म्हणायचं न्हाय.

मी आईसंगं जायचो. गाणी म्हणायचो, पेटी वाजवायला शिकलो, बारावी झाल्यावर तलावात बाप्तिस्मा बी घेतला. तो आईसाठी घेतला का माझ्यासाठी ते तवा बी कळलं न्हाय आन् आता बी विचारू नका. पोलीस भरतीला दोनदा गेलो, दोन्ही वेळा पळण्यात मागं पडलो, आयटीआय अर्धं सोडलं, हंगामात कारखान्यावर ट्रॅक्टर चालवला, एक ना धड भाराभर चिंध्या. तवा आमचे पाळकसाहेब, मूळचे मुरुमचे, रागात आले की मधीच कानडी बोलायचे, ते एक दिवस गाडीवर आले आन् आईसमोर फॉर्म ठेवला. म्हणले, बायबल कॉलेजात एक जागा हाय, तीन वर्षं, राहणं जेवण तिथंच, दत्ताला पाठवा. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मला न्हाय म्हणता आलं न्हाय. खरं सांगू का, मला जायचं बी व्हतं, कारण गावात दुसरं करायला काय व्हतं?

आता तो फॉर्म. नाव, शिक्षण, मंडळी म्हणजे चर्च कुठलं, सगळं लिहिलं, आन् शेवटी एक रकाना, आपल्या पाचारणाविषयी सविस्तर लिहा. पाचारण म्हणजे देवानं तुला सेवेला बोलावलं, ते कधी आन् कसं. खाली अर्धं पान कोरं. मी तीन दिवस त्या अर्ध्या पानाकडं बघत बसलो. मला बोलावलं व्हतं ते पाळकसाहेबांनी, ते बी मोटरसायकलवर येऊन, ते काय लिहायचं? तवा फिलीप सुट्टीला आला व्हता, सोनामावशीचा पुतण्या, त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला. त्याला विचारलं. तो म्हणला, कोरं ठेवलं तर फॉर्म परत येतो. मग काय लिहू? म्हणला, कुणाचा आजार आसतो, कुणाचा अपघात, कुणी विहिरीत पडलेला आसतो. तुझं काय हाय? म्या म्हणलं, ऊस हाय. मग उसात बसव की, म्हणला, आन् एक ध्यानात ठेव, बायबलात देव माणसाला बोलावतो तवा नाव दोनदा घेतो.

तर म्या लिहिलं. आमच्या रानात एकदा भर दुपारी मी उसाला दारं धरून व्हतो, तुम्ही शहरातले, दारं धरणं म्हणजे पाणी द्यायचं, एक सरी भरली की खोऱ्यानं मातीचा बांध फोडून पाणी दुसऱ्या सरीत वळवायचं, त्याला आमी दारं मोडणं म्हणतो, आन् त्या दिवशी माझ्याकडनं दारं मोडायचं राहिलं, बांध फुटला, चुलत्याच्या सोयाबीनीत पाणी गेलं आन् आप्पांनी माझ्या पाठीत असा रट्टा घातला की आठ दिवस ठणका व्हता. तो दिवस ध्यानात व्हता म्हणून तोच घेतला. लिहिलं की मी एकटाच व्हतो, आन् उसातनं आवाज आला, दत्ता, दत्ता, हे पाणी सोड आन् माझ्यामागं ये. एकटा व्हतो हे बी खोटं, आप्पा बोअरपाशी व्हते. पण म्या म्हणलं अर्धं पान तर भरलं, फॉर्म फायलीत जाईल, कोण वाचतंय?

पहिल्याच आठवड्यात सगळ्या नव्या पोरांना उभं केलं, साक्ष द्या म्हणले, म्हणजे देव कसा भेटला ते सगळ्यांसमोर सांगायचं. एक पोरगा मरणाच्या दारातनं आलेला, एकाची मावशी जळाली व्हती, रडत रडत सांगायले, आन् माझा नंबर आला, आन् फॉर्मात लिहिलंय तेच बोलावं लागलं, दुसरं आणणार कुठनं? प्राचार्य म्हणले, किती साधी साक्ष, शेतातली. तिथनं पुढं शिबिर आसो, बाहेरगावचे पाव्हणे येवोत, दत्ताला उभं करा. आन् सर, दर वेळी थोडी वाढायची. पहिल्यांदा नुसता आवाज व्हता, पुढच्या वर्षी वारा थांबला, मग उसाचं पान हाललं न्हाय हे बी आलं. कवा घातलं ते मलाच ठाव न्हाय.

पोरं म्हणायची नाव बदल, दत्ता काय नाव हाय सेवकाचं, डॅनिएल ठेव. तर ग्रीक शिकवणारे सर म्हणले, देवानंच दत्ता म्हणून हाक मारली तर आपण बदलणारे कोण? झालं, आप्पांनी ठेवलेलं नाव माझ्या थापेनं वाचलं. मला हसू बी आलं आन् भ्या बी वाटलं.

शिकलो लई. ग्रीक अक्षरं शिकलो, संदेश म्हणजे प्रवचन तीन मुद्द्यांत कसं बांधायचं ते शिकलो, आन् एक शिकलो ते मला सगळ्यात जड गेलं, की वचन वाचताना आधी विचारायचं हे कोण बोललं, कुणाला बोललं, कवा बोललं. वर्गात फळ्यावर हे लिहिलं की माझी मान खाली. गावाकडं आई नुसती हात जोडून बसली की प्रार्थना व्हायची, मी इथं बसलो की डोक्यात मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा. प्रार्थना येत व्हती तवा शिक्षण नव्हतं, शिक्षण आलं तवा प्रार्थना कुठं गेली कळंना.

दुसऱ्या वर्षी सेवेच्या सरावाला मला ढोकीला पाठवलं, कारखान्यावरच्या ऊसतोड्यांच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर. तिथं एक मारुती म्हणून तोड्या व्हता, दारूपायी बायकोला मारायचा, लेकरं दुसऱ्याच्या कोपीत झोपायची. त्यानं माझी साक्ष ऐकली. उसात आवाज येतो म्हणल्यावर त्याला ते पटलं, कारण त्याचं सगळं आयुष्य उसातच गेलेलं. तो ढसाढसा रडला आन् दारू सोडली, आन् सोडली ती सोडली, अजून न्हाय घेतली. हंगाम संपताना त्याची बायको शेवंता आली, पाया पडाया लागली, म्हणली भाऊ, तुमच्या त्या हाकेनं माझं घर उभं राहिलं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. खरं सांगावं तर मारुतीचं काय हुईल, न सांगावं तर माझं काय हुईल? ग्रीकच्या सरांना आडून विचारलं, की समजा एखाद्याच्या खोट्या साक्षीनं कुणाचं भलं झालं तर ते कुणी केलं? त्यांनी तीन मुद्द्यांत उत्तर दिलं, तिन्ही बरोबर व्हते, आन् माझ्या कामाचा एक बी नव्हता.

मग शेवटचं वर्ष, पदवीचा दिवस. आईनं तीन वर्षांत पहिल्यांदा आप्पांना गळ घातली, लेकाचं कौतुक हाय, एकदा चला. आले. पांढरी टोपी, नवीन धोतर, आन् देऊळ समजून चपला बाहेर काढून अनवाणी आत, बाकी सगळे बूट घालून बसलेले. शेवटच्या बाकड्यावर बसले. आमच्या वर्गातर्फे साक्ष द्यायला कोण? दत्ता. उभा राहिलो आन् समोर आप्पा. ते त्या दिवशी रानात व्हते सर, सगळ्या जगात तेच एक माणूस व्हतं ज्याला ठाव व्हतं की तिथं काय झालं न्हाय. म्या मनात म्हणलं, आज वगळून टाकू, पण तोंडाला सवय लागलेली, आवाज आला, वारा थांबला, उसाचं पान हाललं न्हाय, सगळं आलं. आप्पा पंख्याकडं बघत व्हते.

एवढ्यावर भागलं आसतं, पण प्राचार्यांना आनंद झाला, म्हणले, आपल्यात दत्ताचे वडील हायेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. आप्पा जाग्यावरच उभे राहिले, माईक घेतला न्हाय, टोपी नीट केली. म्हणले, मी तुमच्यातला न्हाय, मला बोलायचं कळत न्हाय. पण त्या दिवशी मी बोअरपाशी व्हतो. आवाज काय मला आला न्हाय. पण म्या त्याला दोनदा हाक मारली, दत्ता, दत्ता म्हणून, मोठ्यानं मारली, आन् हे पोरगं वळलं न्हाय. पाणी बांधावरनं चाललं तरी वळलं न्हाय. बापाची हाक ऐकू आली न्हाय म्हणजे दुसरं काहीतरी ऐकत आसंल, एवढंच मला म्हणायचंय. आन् बसले. लोक रडले, आमेन म्हणले, टाळ्या वाजल्या.

येताना एसटीत आई खिडकीला डोकं टेकून झोपली. म्या हळूच विचारलं, आप्पा, मला वाचवायला बोललाव का? आप्पा म्हणले, वाचवायला कशापायी? देवीची आण, झालं ते सांगितलं. सरी भरून वाहायली, तू खोऱ्यावर हनुवटी टेकून उभा, दोनदा वरडलो, मग येऊन पाठीत घातली. म्या म्हणलं, अहो पण तो आवाज म्या मनानं लिहिलाय, फॉर्म भरायचा म्हणून. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणले, बरं, मग तू उभा कशापायी व्हतास?

ते मला आठवत न्हाय, सर. आजपातूर आठवत न्हाय. रट्टा आठवतो, त्याच्या आधीचं कोरं. भरतीचा विचार करत आसंल, का कायच करत नसंल. म्हणजे आप्पांच्याच दोन हाका अर्ध्या कानानं कुठंतरी मुरल्या आन् माझ्या पेनातनं उतरल्या, का फिलीपनं सांगितलं म्हणून दोनदा लिहिलं, का खरंच काय व्हतं आन् मीच त्याला थाप समजून बसलोय? तीन वर्षं शिकलो कोण बोललं, कुणाला बोललं, कवा बोललं, आन् माझ्या स्वतःच्या उसातलं मला सांगता येईना. आधी निदान एवढं तरी पक्कं व्हतं की मी खोटारडा हाय. आप्पांनी ते बी काढून घेतलं.

आता दोन वर्षं झाली, घरी राहूनच कळंबच्या बाजूला पंधरा घरांची मंडळी सांभाळतो. कुणाची म्हैस आटली तरी बोलावत्यात, कुणाचं लेकरू आजारी पडलं तरी, मी जातो, डोक्यावर हात ठेवतो, तीन मुद्दे आता सुटलेत, येईल ते बोलतो. पाळकपणाची दीक्षा अजून घेतली न्हाय. दीक्षेला सगळ्यांसमोर विचारत्यात, देवानं तुला या सेवेला बोलावलंय असं तू मानतोस का, आन् त्याला व्हय म्हणावं लागतं, दुसरं उत्तर छापलेलंच न्हाय. दोनदा मी तारीख पुढं ढकलली, एकदा ताप आला म्हणून, एकदा म्हैस व्यायली म्हणून. तिसऱ्यांदा मात्र पाळकसाहेबांच्या घरी गेलो आन् सगळं सांगितलं, फॉर्म, फिलीप, उसाचं पान, मारुती, आप्पा. म्हणलं मी लायक न्हाय, दुसरा बघा. साहेब कानडीत कायतरी पुटपुटले. मग म्हणले, आधी मारुतीकडं जाऊन हे सांग, मग माझ्याकडं ये.

गेलो. शेवंता भाकरी करत व्हती, मारुती खाटंवर. पहिल्यापासनं सांगितलं, म्हणलं तो आवाज म्या रचला व्हता, माझी चूक झाली, मला माफ करा. मला वाटलं आता मारुती उठतो आन् सरळ गुत्त्यावर जातो. शेवंताचा हात तव्यावर थांबला. मग मारुती म्हणला, भाऊ, तुम्हाला आला नसंल. मला आला व्हता. म्हणून तर सोडली.

जेवलो तिथं आन् आलो. येत्या रविवारी दीक्षा हाय, साहेब म्हणले तारीख आता हालत न्हाय. आप्पा येणार हायेत, आईनं न सांगता, आपणहून. शिबिरात ती साक्ष सांगणं मी बंद केलंय, आन् रविवारी त्या प्रश्नाला काय म्हणणार ते विचाराल तर मला आज बी माहीत न्हाय. व्हय म्हणेन बहुतेक. तुम्हाला देव सुखात ठेवो, एवढ्या लांब आलात, माझं हे गुंतलेलं ऐकून घेतलंत. एक मात्र झालंय, आता आप्पांनी रानातनं हाक मारली की दुसऱ्या हाकेची वाट बघत न्हाय, हातातलं टाकतो आन् पहिलीलाच ओ देतो, आन् आप्पा म्हणत्यात, आरं, मी म्हशीला वरडलो.