रेघेवरची बरणी

केंद्रवाले : बाई, बरणी जरा सरकवा. खडूच्या रेघेपलीकडचं टेबल राज्याचं आहे.

राज्यवाले : सरकवा की. पण माशाचं तोंड तुमच्याकडे आहे, साहेब. त्याचं काय?

केंद्रवाले : मग तो वळेपर्यंत थांबू.

बाई : तो वळणार नाही, मरेल. तळ्यातला हा शेवटचा. माझ्या वर्गातल्या पोरांनी ओंजळीत धरून आणला. कारखान्याचा नाला तळ्यात येतो, त्याची झडप बंद करा. एवढंच मागणं आहे.

राज्यवाले : करणारच! त्यासाठीच तर हे संयुक्त कार्यालय. झडपेचं चाक केंद्राच्या कपाटात, कुलपाची किल्ली राज्याच्या.

बाई : मग घोडं अडलंय कुठे?

केंद्रवाले : हुकमावर दोघांच्या सह्या लागतात. आणि समोरच्याची सही पाहिल्यावरच आपली करायची, असा नियम आहे. एकमेकांचा मान राखायला.

राज्यवाले : तीन महिने राखतोय.

केंद्रवाले : आजही आधी तुम्ही.

राज्यवाले : छे, छे! आधी तुम्ही.

बाई : तिसरीत बाकावर अशीच रेघ मारली होतीत दोघांनी. खोडरबर नेमका रेघेवर पडला, आणि वर्षभर दोघांच्याही वह्यांत चुका तशाच राहिल्या.

केंद्रवाले : खोडरबर याचा होता, बाई.

राज्यवाले : अर्धा तुझा होता!

बाई : पुरे. मासा वर येऊन तोंड उघडतोय, दिसतंय ना? इकडे या. पेन मी धरते. माझ्या हातावर तू हात ठेव, त्याच्यावर तू. गिरवायला शिकवलं होतं, अगदी तसं. घाई नको... हं, झालं.

राज्यवाले : ही सही कुणाची म्हणायची?

केंद्रवाले : माझी नाही दिसत.

राज्यवाले : माझीही नाही.

बाई : मग आधी कुणी केली, हा प्रश्नच मिटला. तू चाक खांद्याला अडकव. तू किल्ली खिशात टाक. चला तळ्यावर, पोरं वाट बघतायत.

(दोन कपाटं एकदम उघडल्याचा आवाज.)

केंद्रवाले : पण बाई, बरणी कुणी धरायची?

बाई : दोघांनी. आणि सावकाश चाला, पाणी हिंदकळू देऊ नका.