उकळलेली पावडर

मेकाँग नदीवरच्या फेरीबोटीला उशीर होता. रांगेत माझ्यापुढे दोघी बोलत होत्या.

"न्हुंगताई, डुकराच्या पिल्लांची हगवण थांबली का गं?"

"कुठलं काय, थोआ! नऊपैकी दोन गेली. त्या पावडरवाल्याची पावडर काही कामाची नाही."

"आमची तर त्याच पावडरीनं टुणटुणीत झाली. तू देतेस कशातून?"

"तांदळाच्या पेजेतून. पावडर घालते आणि चांगली तासभर उकळते."

"अगं बाई! त्यात जिवंत जंतू असतात. तेच तर पिल्लांचं पोट सुधारतात."

"जंतू असतात म्हणूनच तर उकळते."

"पण चांगले जंतू म्हणाला ना तो?"

"विकणारा वाईट म्हणेल होय?"

"सात उरलीत, ताई. आज पेज निवू दे, मग घाल."

"आणि जंतू मेले नाहीत तर?"