विहिरीतलं शिसं

मंडळी, मागं आवाज पोचतोय ना? आजवर कुणाच्या शोकसभेत मी बोललो नाही. खांब धरून बोलतो.

मी सुनंदाचा चुलता. धाकटा भाऊ लवकर गेला, पोर माझ्या घरात वाढली. मी सातवी नापास, ती शास्त्रज्ञ. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेतच तिचं हृदय बंद पडलं.

ती काय शोधत होती? न्यूट्रिनो म्हणून एक कण असतो. तुमच्या-माझ्या अंगातून आत्ताही जातोय. त्याला वजन आहे, पण किती ते कुणाला ठाऊक नाही. सुनंदा एका स्फटिकावर नजर ठेवून होती. अणूतून दोन इलेक्ट्रॉन निघावेत आणि सोबत न्यूट्रिनो एकही नसावा. असं खात्रीनं एकदा दिसलं, तर निसर्गाचा एक नियम मोडला म्हणायचं, आणि त्या वजनाचा माग लागायचा.

मी दर रविवारी विचारायचो, "दिसलं का गं?"

"न्हाई आप्पा. अजून न्हाई."

पंधरा वर्षं हेच.

बाहेरचे किरण अडवायला त्या स्फटिकाभोवती शिशाची भिंत लागते. पण नव्या शिशातच बारीक किरण असतो. शेकडो वर्षं जुन्यातला विझलेला असतो. आमची जुनी विहीर रुंद करताना दगडांच्या सांध्यांत ओतलेलं शिसं निघालं. फोनवर ती नाचलीच. म्हणाली, "आप्पा, जपून ठेवा. त्यात कायबी मिसळू नका."

निघालं किती? दोन मुठी. आपल्यात लेकीला माप शीग लावून देतात, मंडळी. दोन मुठी कशा देऊ? ट्रॅक्टरच्या बाद बॅटरीचं शिसं वितळवून त्यात घातलं. झकास वीट झाली.

दिवाळीला ती आली. हसली. "एवढं निघालं? विहीर बांधली व्हती का शिशात बुडवली व्हती?"

वीट घेऊन गेली, स्फटिकाशेजारी बसवली. दोन महिन्यांनी फोन आला. "आप्पा, भलतेच किरण दिसत्यात. ह्यात काय घातलंय का? खरं सांगा, मी रागवायची न्हाई."

मी म्हणालो, "न्हाई बाई. निघालं तसं दिलं."

तिनं माझं ऐकलं. आप्पा खोटं बोलत नाहीत, म्हणजे यंत्रच बिघडलं असणार. यंत्र उघडलं, सुटं केलं, पुन्हा जोडलं. परत तेच. शेवटचे सहा महिने पोरीनं नसलेला बिघाड शोधण्यात घालवले. जेवण नाही, झोप नाही. मी दर रविवारी ऐकत होतो. एकदाही तोंड उघडलं नाही.

तिच्यासोबत काम करणाऱ्या मॅडम इथं बसल्यात. मॅडम, यंत्र चांगलं आहे. सुनंदाचं कुठंही चुकलं नव्हतं. वीट खोटी होती, आणि मी खोटा होतो. तिथं सगळ्यांना सांगा. तिला आता ते कळायचं नाही. दुसरं शिसंही माझ्याकडं नाही.

मंडळी, उभे राहा. दोन मिनिटं कुणी बोलू नका, माझं सांत्वनही करू नका.

सुनंदे, थोरल्यानं धाकट्याच्या पाया पडू नये म्हणतात. मी पडतो.