सोमेश्वरच्या डब्यातलं मीठ

हॅलो? … हां, आकांक्षा, बोल बाई. आत्याच बोलून राह्यले. … तब्येत कोनाची, माझ्या गुडघ्यांची का तुझ्या सोमेश्वरदादाची? … तो खाऊन-पिऊन ठणठणीत. कारखान्याचे लोक बी म्हन्ले, काही न्हाई झालं. पर त्याचाच जीव थाऱ्यावर न्हाई ना.

आठ दिवस झाले. पाइपाचे जोड तपासायचं ते यंत्र, त्यातली किरणं सोडनारी गोळी परत आत गेलीच न्हाई, अन् हा अर्धा घंटा तिथंच उभा. किरणं मोजायचा बिल्ला छातीला लावायचा, तर ह्या शहाण्याचा बिल्ला कपाटात. … तू नको रागवू त्याला. माझं रागवून झालंय.

त्याच्या अन् दैवशालाच्या लग्नाची तारीख धरायची, तर म्हनतो, आई, थांब. किती किरणं लागली ते कळू दे, दैवशालाच्या घरच्यांना खरं ते सांगू. आता मांडववाल्याला मी काय सांगू?

… काय पाहिजे? … मीठ? कोनतं? … हां, त्या दिवशीच्या डब्यातली पुडी. कांद्यासंगं देते ना मी रोज. … आं? हळू सांग. मिठाच्या खड्यात किरणांची खूण राहती… तुम्ही लॅबात त्याच्यावर उजेड टाकनार… मंग ते मंद चमकनार… जितकं चमकलं तितकी किरणं लागली. बराबर? … वा गं पोरी. मीठ साक्ष देतं म्हन की.

… अगं ऐक ना. … न्हाई, सांडलं न्हाई. … दृष्ट काढली मी त्याची. … त्याच मिठानं. … डब्यातलंच काहून म्हंजे? त्या जागी जे त्याच्यासंगं होतं, त्यालाच ठाऊक ना काय लागलं ते. तू बी आत्ता तेच सांगितलं. … हो, चुलीत टाकलं. मिरच्यांसंगं. सगळं. … भाजलं की खूण पुसती? … आता मला काय माहीत, बाई.

हसून राह्यली का? … हास. मिरच्यांचा ठसका बी न्हाई आला कोनाला, एवढी नजर होती. लिहून ठेव तुझ्या वहीत.

… मंग आता? … फोन? त्या दिवशी खिशात होता तो? … हाय की. त्यानं नवा घेतला अन् हा मला दिला. अगं, त्याच्यावरच बोलून राह्यले मी. … आतले बारीक पुर्जे बी तसेच चमकतेत? … अन् पुर्जे काढल्यावर? … परत चालत न्हाई. बरं.

… काही न्हाई. ऐकून राह्यले. … तसं न्हाई गं, आत्ता कुठं फोटू पाठवता यायले. भोकरदनची माझी मैत्रीण केशरबाई रोज सकाळी बोलती ह्याच्यावर. … मी रुसते कसली. लेकरापुढं फोनचं काय.

… हां. तुमच्या गावाला येनाऱ्या मिथुनची जीप दारातच हाय, त्याच्याकडं फडक्यात बांधून देते. … उन्हात न्हाई ठेवत. चुलीजवळ तर बिलकुल न्हाई. … निकाल शेजारच्या नंदाबाईच्या फोनवर कळव, तिचा नंबर तुझ्या आईकडं हाय. … अन् जास्त निघालं तर? … हां. तरी बी सांग. लपवू नको.

तोवर मांडववाल्याला सांगते, मुहूर्त औंदा लॅबवाले काढनार हायेत.

… बंद करायला बाजूचं बटन? … दाबून धरलं. … अजून तुझा आवाज येतोय. … आकांक्षा, लई भ्याव वाटतं गं मला. त्याला सांगू नको. कमीच निघू दे बाई, कमीच नि—